साती नावाचा माणूस आणि माझा डावा हात

उशिरा_सुचलेली

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं इथे वाचनमात्र आहे, पाककृती आणि भांडणं दोन्ही आवडीने वाचते, पण आज राहवत नाहीये म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बँकेतून व्हीआरएस घेतली आणि ५४व्या वर्षी पियानो शिकायला लागले. पियानो म्हणजे डिजिटल, ८८ पट्ट्यांचा. हॉलमध्ये टीपॉय होता तिथे आता तो आहे आणि टीपॉय गॅलरीत पावसात भिजतोय. दोन वर्षं पुस्तकातले धडे झाले आणि मग बाईंनी एक दिवस दोन पानं समोर ठेवली. वर लिहिलेलं, एरिक साती, जिम्नोपेदी क्रमांक १. म्हणाल्या सोपं आहे, सूर कमी आहेत, करून टाका.

सूर कमी आहेत हे खरंच आहे हो. पण डाव्या हाताचं बघा, तीन मात्रांचा ठेका, पहिल्या मात्रेला खाली खर्जात एक सूर, मग हात उचलून दुसऱ्या मात्रेला मधल्या सप्तकात तीन सुरांचा कॉर्ड आणि तो तसाच तिसऱ्या मात्रेपर्यंत धरून ठेवायचा, की परत खाली. पान उलटलं तरी हेच. हात खर्जावरून उठला की तो सूर तुटतो म्हणून पायाने पेडल दाबून धरायचं, आणि प्रत्येक आवर्तनाला पेडल सोडून परत दाबायचं, उशीर झाला की आधीचा खर्ज पुढच्यात मिसळून सगळा लगदा होतो. भराभर वाजवलं तर उडी जमते. पण वर स्पष्ट लिहिलंय, हळू आणि वेदनेने. हळू वाजवताना चूक लपवायला जागाच नाही. आमचे हे आतल्या खोलीतून विचारतात, "अडकलीस का?" म्हटलं अडकले नाही, तो थांबा लिहिलेलाच आहे.

तीन महिने झाले. मग राग येऊन शोधायला लागले की हा माणूस आहे तरी कोण, आणि मग त्याच्यातच अडकले. जन्म १७ मे १८६६, ऑन्फ्लर नावाचं नॉर्मंडीतलं बंदर. वडील जहाजांचे दलाल, आई स्कॉटिश वंशाची. आई गेली तेव्हा हा ६ वर्षांचा. मग आजीआजोबांकडे ऑन्फ्लरला, तिथे चर्चच्या ऑर्गनवाल्याकडे पहिले धडे. १२ वर्षांचा असताना आजी समुद्रात बुडून गेली, मग परत पॅरिसला वडिलांकडे, लवकरच त्यांनी दुसरं लग्न केलं आणि सावत्र आई पियानो शिकवणारी. तिने याला पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, घातलं आणि याला ती जागा अजिबात आवडली नाही, तुरुंग वाटायचा. तिथल्या एका मास्तरांनी शेरा मारला की अख्ख्या संस्थेत सगळ्यात आळशी मुलगा. १८८२ साली काढून टाकलं, १८८५ला परत घेतलं, तरी गाडी काही रुळावर येईना. शेवटी हा सैन्यात भरती झाला, आणि तिथूनही सुटायचं म्हणून ऐन थंडीत रात्री उघड्या छातीने बाहेर उभा राहिला, ब्राँकायटिस झाला, सुटला.

आणि हाच मुलगा १८८८ साली, २१ वर्षांचा असताना, ही जिम्नोपेदी लिहितो. तीन आहेत तशा. पहिली वेदनेने, दुसरी दुःखाने, तिसरी गंभीरपणे, आणि तिन्ही हळू.

कुणी वाजवलंय का इथे? आणि त्याच्याबद्दल अजून कुणाला काही माहीत असेल तर लिहा प्लीज.

पानतावडे_बिघडले

वाचतोय. शीर्षक वाचून आधी वाटलं फ्रोझन शोल्डरचा धागा आहे.

ऑर्गनवाला

वा, इथे सातीवर धागा येईल असं वाटलं नव्हतं. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, पियानोच्या वाटेला कधी गेलो नाही, पण ही पहिली जिम्नोपेदी मी पेटीवर काढलीय. नोटेशन पेटीवाल्यांना कळेल असं लिहितो.

सा काळी दोन किंवा चार वगैरे नका धरू, पांढरीतला डी धरा. उजव्या हाताची पहिली ओळ अशी येते, ग प, म ग नि, ध नि सा, प. शेवटच्या प वर अख्खी आवर्तनभर थांबायचं. सगळे शुद्ध, बिलावल थाट, एकही वाकडा सूर नाही. मग ते इतकं अधांतरी का वाटतं? कारण डाव्या हातात. पहिल्या आवर्तनात खर्ज आहे म, वर ध सा ग. दुसऱ्यात खर्ज सा, वर प नि ग. पुन्हा म, पुन्हा सा. म्हणजे सुरुवातच म पासून होते आणि कानाला ठरवता येत नाही की घर कुठलं. तुम्ही त्या म लाच सा मानून ऐका, सगळी ओळ बदलते. तीच ओळ मग होते नि रें सां नि, मग तीव्र म, ग, तीव्र म, प, रे. यमनचे सूर की हो!

मी पहिल्यांदा हे पेटीवर वाजवलं तेव्हा आमचे तबल्यावरचे काका म्हणाले यमनच्या घरी पाहुणा आलाय पण बूट काढायला तयार नाही.

स्वल्पविराम

@ऑर्गनवाला, यमनचे सूर आणि यमन यात फरक आहे एवढंच नम्रपणे. राग म्हणजे चलन, न्यास, कुठल्या सुरावर किती थांबायचं, ते इथे काहीच नाही. उद्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल की फ्रेंच माणसाने यमन चोरला.

ऑर्गनवाला

अहो मी कुठे राग म्हणालो, सूर म्हणालो. हलकेच घ्या. पण काकांचा पाहुणा मी सोडणार नाही.

स्वल्पविराम

काकांचा पाहुणा मान्य.

मोगऱ्याचा_गजरा

छान लिहिलंय ताई. जिम्नोपेदी म्हणजे काय पण? जिमचा काही संबंध आहे का? :)

उशिरा_सुचलेली

अगदीच आहे! प्राचीन स्पार्टात एक उत्सव असायचा, तरुण मुलं उघड्या अंगाने नाचायची कवायत करायची, त्याचं ते नाव. जिमचा जिम्नो तोच, म्हणजे उघडं. आता त्या नाचाचा आणि या संथ सुरांचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न मलाही पडलाय. असं सांगतात की पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या 'ल शा न्वार', म्हणजे काळी मांजर, या कॅबरेत ओळख करून देताना हा स्वतःला जिम्नोपेदिस्त म्हणवून घ्यायचा. पुढे तिथेच पियानो वाजवायची नोकरीही केली.

सीनपारचा

मी पॅरिसजवळ राहतो, कामानिमित्त ९ वर्षं झाली. धागा बघून राहवलं नाही.

साती १८९८ साली मोंमार्त्र सोडून आर्कईला राहायला गेला. आर्कई म्हणजे पॅरिसच्या दक्षिणेचं उपनगर, तेव्हा कामगारांची वस्ती, खोली स्वस्त म्हणून गेला. रस्त्याचं नाव आता रू कोशी, घराला 'चार धुराड्यांचं घर' म्हणतात. मी बघून आलोय, रेल्वेचं लाप्लास स्टेशन आहे तिथून चालत जाता येतं. बाहेर पाटी आहे, आत लोक राहतात त्यामुळे खालीच उभं राहून बघायचं आणि परत यायचं. कोपऱ्यावरची इमारत, निमुळती, जहाजाच्या नाळेसारखी पुढे आलेली. मी अर्धा तास उभा होतो, वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी खिडकीतून बघितलं आणि पडदा लावून घेतला. सवय असणार त्यांना.

तिथून हा माणूस रोज पॅरिसला चालत जायचा. मोंमार्त्रपर्यंत साधारण १० किलोमीटर. वाटेत मित्र, कॅफे, दारू, गाणी, आणि रात्री शेवटची गाडी चुकली की परत चालत. रस्त्याच्या दिव्याखाली थांबून वहीत सूर टिपून घ्यायचा. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की त्याच्या संगीतातला तो एकसारखा ठेका या चालण्यातूनच आलाय. पटण्यासारखं आहे, फक्त जिम्नोपेदी ही आर्कईच्या १० वर्षं आधीची, तिला ते लागू पडत नाही हे लक्षात ठेवा.

आणि ती खोली. २७ वर्षं तो तिथे राहिला आणि या २७ वर्षांत एकही मित्र त्या खोलीत गेला नाही. कुणाला बोलावलंच नाही. १ जुलै १९२५ला तो पॅरिसच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलात लिव्हरच्या आजाराने गेला, ५९ वर्षांचा होता, मग भाऊ आणि संगीतकार मियो वगैरे मित्र कुलूप काढून आत गेले. दोन मोडके पियानो, एकावर एक रचलेले. धूळ. न उघडलेली पत्रं. ढिगाने छत्र्या. न वापरलेले मखमली सूट. आणि पियानोच्या मागे पडलेली हस्तलिखितं, त्यातलं एक तर तो बसमध्ये विसरलो म्हणून आयुष्यभर हळहळत होता.

चिंचपोकळीकर

बापरे. १० किमी रोज!! आमच्याकडे पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतात.

मोगऱ्याचा_गजरा

ती खोलीची गोष्ट वाचून पोटात कसंतरी झालं. एवढे मित्र असताना.

टिंगलीचा_घाट

मी नेटवर वाचलं की हा माणूस फक्त पांढरे पदार्थ खायचा. अंडी, साखर, भात, नारळ, बुरशी आलेली फळं. म्हणजे वेडाच होता थोडक्यात. भात आणि नारळ म्हणजे मूळ गाव रत्नागिरी असावं असा माझा अंदाज.

उशिरा_सुचलेली

हहपुवा. पण हे मुद्दाम सांगायला हवं, कारण हे वाक्य नेटवर जिथे तिथे खरी माहिती म्हणून चिकटवलेलं आहे. ते त्याने स्वतःच लिहिलेल्या एका विनोदी लेखमालेतलं आहे, नाव 'स्मृतिभ्रंश झालेल्याच्या आठवणी'. नावातच सांगतोय बिचारा. त्याच लेखात दिनक्रम दिलाय, सकाळी ७ वाजून १८ मिनिटांनी उठतो, १०:२३ ते ११:४७ प्रतिभा येते, १२:११ला जेवायला बसतो, १२:१४ला उठतो. सरकारी कचेरीतल्या हजेरीपत्रकाची टिंगल आहे ती. आमच्या बँकेत असं पत्रक लावलं असतं तर मी पाठ केलं असतं.

तरी वेडेपणाचे खरे पुरावे भरपूर आहेत, ते सांगते. आधी तो पेलादां नावाच्या गूढवादी माणसाच्या पंथात होता, तिथला संगीतकार. मग तिथून फाटलं आणि १८९३ साली स्वतःचं चर्चच काढलं. धर्मगुरू स्वतः, एकुलता एक सभासद स्वतः. चर्चच्या नावाने पत्रकं छापून टीकाकारांना धर्मबहिष्कृत करायचा. दोन वर्षांनी वारसाहक्काचे थोडे पैसे हातात आले तर एकाच कापडाचे, एकाच शिवणीचे ७ मखमली सूट शिवून घेतले आणि पुढची कित्येक वर्षं तेच घातले, म्हणून त्याला लोक मखमली गृहस्थ म्हणायला लागले.

त्याच १८९३ मध्ये आयुष्यातलं एकमेव माहीत असलेलं प्रेमप्रकरण. सुझान व्हालादों, चित्रकार, आधी सर्कशीत होती, मग मोठमोठ्या चित्रकारांची मॉडेल, मग स्वतः उत्तम चित्रकार. याने म्हणे पहिल्याच रात्री लग्नाचं विचारलं. जानेवारी ते जून, सहा महिने, संपलं. तिने काढलेलं त्याचं तैलचित्र आहे, चष्मा आणि दाढी आणि कुणीतरी आत्ता ओरडलंय असा चेहरा. त्यानंतर कुणीच नाही.

टिंगलीचा_घाट

बरं, वेडा शब्द मागे घेतो. रत्नागिरी मागे घेणार नाही.

सतराशे_विघ्ने

८४० चं कुणीच कसं काढलं नाही अजून? त्याच सुमाराची, प्रेमभंगाच्या आगेमागेची रचना आहे, नाव 'व्हेक्साशिओं', म्हणजे छळ, कटकट. अर्ध्या पानाचा तुकडा. वर टीप अशी की हे ओळीने ८४० वेळा वाजवायचं असेल तर आधी संपूर्ण शांततेत आणि गंभीर निश्चलतेने मनाची तयारी केलेली बरी. त्याच्या हयातीत ना छापलं गेलं ना कुणी वाजवलं. गंमत की खरंच ८४० वेळा, यावर अजून वाद चालू असतात.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९६३च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पॉकेट थिएटरमध्ये ते करून दाखवलं. पियानोवादकांची पाळी लावली, एक उठला की दुसरा बसणार. १८ तास ४० मिनिटं. मी गणित केलं, एका फेरीला बरोबर ८० सेकंद पडतात. तिकीट ५ डॉलर आणि जो जितका वेळ बसेल त्याला दर २० मिनिटांमागे ५ सेंट परत! एकच प्रेक्षक शेवटपर्यंत बसला होता.

ऑर्गनवाला

अहो हा तर सप्ताह झाला! अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहारे लावलेले असतात, रात्री दोन ते चार तुमचा, चार ते सहा यांचा. मी पहाटेचा पहारा केलेला आहे, पहिला अर्धा तास झोप येते, मग कंटाळा येतो, मग कंटाळ्याचाही कंटाळा येतो आणि त्याच्या पुढे एकदम वेगळंच काहीतरी सुरू होतं, तेच चार सूर पण आतून मोठे दिसायला लागतात, घरात दिवे गेल्यावर हळूहळू भांडी दिसायला लागतात ना तसं. त्या शेवटपर्यंत बसलेल्या माणसाला मी काही न विचारता समजू शकतो.

फरक इतकाच की आमच्याकडे शेवटी काल्याचा प्रसाद असतो, त्याला ५ सेंटच्या हिशोबाने अडीच-तीन डॉलर मिळाले असतील.

सतराशे_विघ्ने

२० मिनिटांचे ५६ तुकडे होतात, म्हणजे २ डॉलर ८० सेंट. आणि पूर्ण बसणाऱ्याला वर २० सेंट बक्षीस होतं. तीन डॉलर रोख. :)

स्वल्पविराम

हा प्रतिसाद आवडला @ऑर्गनवाला.

थोडं त्याच्या गंभीर बाजूकडे येऊ का? सगळे किस्से ऐकले की वाटतं नुसता विदूषक. पण मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळी आहे. १९०५ साली, ३९व्या वर्षी, हा माणूस स्कोला कांतोरुम नावाच्या संगीत शाळेत पहिल्या वर्गात नाव घालतो. तोपर्यंत जिम्नोपेदी, ग्नोसिएन या पियानोच्या रचना, सगळं लिहून झालंय, मित्रमंडळीत नाव आहे, आणि पोटासाठी कॅफेतली गाणी लिहितोय, त्यातलं 'ज त व्ह' हे वॉल्ट्झच्या चालीतलं गाणं तर लोकप्रिय झालं. असा माणूस विशी-बाविशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसून काउंटरपॉइंटचे, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याचे, धडे गिरवतो, तीन वर्षं, आणि १९०८ला पदविका घेतो, शेरा 'उत्तम'. ज्याला लहानपणी आळशी म्हणून हाकललं तो. जिवलग मित्र, संगीतकार देब्युसी, नको म्हणत होता, या वयात कशाला. गेलाच.

@उशिरा_सुचलेली, म्हणून तुमचा धागा वाचून बरं वाटलं.

उशिरा_सुचलेली

हे मला माहीत नव्हतं!! क्लासला पहिल्या दिवशी गेले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी तिसरीतला मुलगा होता. त्याने विचारलं, आज्जी तुमचा नातू कुठाय? म्हटलं मीच आहे. तो आता माझ्या पुढे दोन पुस्तकं गेलाय आणि कधीकधी माझी बोटं धरून पट्टीवर ठेवतो.

कोरडा_मसाला

देब्युसीचं नाव निघालंच आहे तर. १८९१च्या सुमारास ओळख झाली, पुढे पंचवीसेक वर्षं दोस्ती, साती दर आठवड्याला त्याच्याकडे जेवायला. पहिली आणि तिसरी जिम्नोपेदी देब्युसीने ऑर्केस्ट्रासाठी बसवून दिली, दुसऱ्याच्या रचनेचं असं काम त्याने एवढं एकदाच केलं. म्हणजे किती आपुलकी बघा. आणि तरी कुठेतरी सातीला सतत वाटत राहिलं असणार की मी याच्या टेबलावरचा गरीब मित्र. १९११ साली रावेल या संगीतकाराने सातीच्या जुन्या रचना कार्यक्रमात वाजवल्या, पेपरात आलं की हा तर काळाच्या पुढचा माणूस, आणि एकदम प्रकाशक दारात. देब्युसीला ते काही फार मानवलं नाही म्हणतात. १९१७ला पूर्ण तुटलं आणि पुढच्या मार्चमध्ये देब्युसी गेलाच, कॅन्सरने.

पेअरच्या आकाराचे तीन तुकडे, ती गोष्ट कुणीतरी सांगा, मला टायपायचा कंटाळा आला.

सीनपारचा

सांगतो. १९०३चं, एका पियानोवर दोघांनी वाजवायचं. गोष्ट अशी सांगतात की देब्युसी म्हणाला तू जरा फॉर्मकडे, आकाराकडे लक्ष द्यायला हवंस, तर याने नाव ठेवलं 'पेअरच्या आकाराचे तीन तुकडे'. मोजले तर सात निघतात. शिवाय फ्रेंच बोलीत पेअर म्हणजे बावळट माणूस, म्हणजे कुणाला म्हणाला ते तुम्हीच ठरवा. ऑन्फ्लरला त्याच्या जन्मघराचं आता म्युझियम केलंय, तिथे एका खोलीत पंख असलेला अवाढव्य पेअर टांगलाय आणि दुसऱ्या एका पांढऱ्याफटक खोलीत पांढरा पियानो आपोआप वाजत असतो. बायको म्हणाली पांढऱ्या जेवणाचा हॉल हाच असेल.

चिंचपोकळीकर

खिक्.

मावळतीचे_ऊन

मी सात-आठ वर्षं लहान मुलांना पियानो शिकवते, त्यामुळे मला १९१२ ते १७चा साती फार प्रिय. शाळेत मुलांना वाजवायला द्यावा असा, पण मोठ्यांनाच कळणारा. 'वाळवलेले भ्रूण' नावाच्या तीन रचना आहेत, समुद्रातल्या प्राण्यांवर. मधल्या तुकड्यात शोपँच्या प्रसिद्ध शोकयात्रेची चाल उचललीय आणि खाली टीप, 'शूबर्टच्या सुप्रसिद्ध माझुर्कामधून साभार'. माझुर्का म्हणजे पोलिश नाचाची चाल, आणि शूबर्टने अशी काही माझुर्का लिहिलेलीच नाही. 'नोकरशाहीची सोनाटिना' मध्ये क्लेमेंटी या जुन्या संगीतकाराची सोनाटिना, म्हणजे छोटी सोनाटा, जी जगातलं प्रत्येक पोर शिकतं, तिचीच उलटापालट, आणि सुरांच्या मधोमध गोष्ट लिहिलीय की एक कारकून ऑफिसला निघालाय, बढतीची स्वप्नं बघतोय. बँकवाल्या ताईंनी ती घ्याच.

आणि ही गोष्ट मोठ्याने वाचायची नाही हं! १९१४च्या एका रचनेवर त्याने चक्क ताकीद लिहिलीय की वाजवताना मजकूर मोठ्याने वाचण्यास सक्त मनाई आहे, न पाळणाऱ्यावर माझा रोष होईल. म्हणजे तो विनोद फक्त वाजवणाऱ्यासाठी. श्रोत्यांना कळणारच नाही की वाजवणारी बाई मधेच का हसली.

त्याच वर्षीचं 'खेळ आणि करमणूक', २० छोटे तुकडे, काही अर्ध्या मिनिटाचे, चित्रांच्या संग्रहासाठी केलेले. झोका, शिकार, गोल्फ, मासेमारी, समुद्रस्नान. गोल्फच्या तुकड्यात शेवटी ती काठीच मोडते आणि ते पियानोवर ऐकू येतं. टँगोला शेवटच नाही, परत पहिल्यापासून, अनंत काळ. स्वतःच्या हाताने लाल-काळ्या शाईत असं सुंदर लिहिलंय की नोटेशन नुसतं बघत बसावं. आणि सगळ्याच्या आधी एक रुक्ष प्रार्थनागीत, ते त्याने 'ज्यांना मी आवडत नाही त्यांना' अर्पण केलंय. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकसभेत ते वाजवते, अर्पणपत्रिका सांगत नाही.

मोगऱ्याचा_गजरा

शेवटचं वाक्य :D :D

टिंगलीचा_घाट

तुरुंगाचं काय प्रकरण? कुठेतरी वाचलंय, की तेही आठवणीतलंच?

कोरडा_मसाला

ते खरं. मे १९१७, 'पाराद' बॅले, कथा कवी कॉक्टोची, पडदा आणि कपडे पिकासोचे, संगीत सातीचं, त्यात टाइपरायटर, सायरन, पिस्तुलाचा बार सगळं वाजतं. तिकडे महायुद्ध चालू, इकडे हे, प्रेक्षक भडकले. एका समीक्षकाने झोडपलं, याने त्याला पोस्टकार्डावर शिव्या लिहून पाठवल्या. पाकिटातून पाठवलं असतं तर वाचला असता. उघडं कार्ड म्हणजे जाहीर बदनामी, पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं. ८ दिवसांची कैद आणि दंड, कैद पुढे स्थगित झाली.

स्वल्पविराम

अजून एक, १९२०चं 'फर्निचर संगीत'. नाटकाच्या मध्यंतरात वाजवायचं, लोकांनी ऐकायचं नाही, गप्पा मारायच्या, खुर्ची-टेबल जसं असतं तसं ते असावं. वाद्यं सुरू झाली तर लोक गुपचूप जागेवर बसून ऐकायला लागले. साती ओरडत फिरतोय, बोला, चाला, ऐकू नका!

चिंचपोकळीकर

त्याला आमच्याकडच्या मंगल कार्यालयात आणायला हवं होतं. सनईवाला जीव तोडून वाजवतो आणि सगळे जिलबी मठ्ठ्यात गुंग. पूर्ण यशस्वी प्रयोग.

सीनपारचा

एक राहिलं. आर्कईत त्याला लोक संगीतकार म्हणून कमी आणि शेजारी म्हणून जास्त ओळखत. वस्तीतल्या मुलांना सहलीला न्यायचा, गाणी शिकवायचा, १९०९ला या कामासाठी सरकारी पदकही मिळालं. खोलीत कुणाला घेतलं नाही पण रस्त्यावर मुलांची रांग घेऊन चाललाय. कबरही आर्कईच्याच स्मशानात आहे. मी गेलो तेव्हा कुणीतरी कबरीवर एक पेअर ठेवून गेलं होतं, अर्धवट पक्ष्यांनी खाल्लेला.

उशिरा_सुचलेली

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, रोज सकाळी चहाबरोबर धागाच वाचतेय.

अपडेट द्यायचा होता. @ऑर्गनवाला यांनी लिहिलेली ओळ मी पानाच्या वर पेन्सिलने लिहून घेतली, ग प, म ग नि, ध नि सा, प. आणि काय झालं माहितेय का, डावा हात बघायचं बंद झालं. कानाने कळायला लागलं की आता म वर आहे, आता सा वर. तीन महिने मी डोळ्यांनी उडी मारत होते.

आणि एक गोष्ट दिसली जी तुम्ही कुणी लिहिली नाहीत. रचनेचे दोन भाग आहेत, दुसरा जवळजवळ पहिल्यासारखाच, म्हणून मी दुसरं पान नीट बघतच नव्हते, पाठ असल्यासारखं वाजवायचे. पहिला भाग शुद्ध गंधारावर विसावतो. दुसरा अगदी शेवटी येऊन कोमल गंधार लावतो. बस्स, तेवढाच एक फरक, शेवटच्या दोन-चार आवर्तनांत. मी तीन महिने तिथे शुद्धच वाजवत होते आणि बाईंनीही सोडून दिलं होतं बहुतेक. काल पहिल्यांदा कोमल लागला. आमचे हे बाहेर आले, म्हणाले "काय झालं?" म्हटलं काही नाही, संपलं.

आता बाईंनी पहिली ग्नोसिएन दिलीय. हे नाव त्याने स्वतःच बनवलंय म्हणे. हिच्यात आवर्तनाच्या उभ्या रेषाच नाहीत! कुठून कुठे मोजायचं? वर सारखे कण, म्हणजे मुख्य सुराला लागून येणारे निसटते छोटे सूर, लागतात. आणि जिथे एरवी हळू, जोरात वगैरे लिहिलेलं असतं तिथे लिहिलंय 'अतिशय चकचकीत'. मावळतीचे ऊन ताई, तुम्ही शिकवता, सांगा ना, चकचकीत वाजवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मावळतीचे_ऊन

पुढच्या ओळीवरची सूचना वाचली का? तिथे लिहिलंय 'प्रश्न विचारा'.